समुद्र एवढा मोठा, मग निम्मे मासे गोड्या पाण्यात कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी सागरी माशांची माहिती जमवताना तुम्हाला एके ठिकाणी वाचायला मिळालं, की माशांच्या निम्म्याहून जास्त प्रजाती गोड्या पाण्यात राहतात. पृथ्वीवरचं ९७ टक्के पाणी समुद्रात आहे हे तर त्याच्या पुस्तकातच आहे. म्हणून तुम्ही विचारलंत, "कोणाचं तरी मोजायचं चुकलंय, की समुद्र आपण समजतो तितका समृद्ध नाही?" आणि ता. क. म्हणून मुलाची शंका जोडलीत, की समुद्रघोडा कोणत्या रकान्यात टाकायचा.

मी बावीस वर्षं माशांच्या वर्गीकरणाचं काम करते. म्हणजे रोज काय करते? स्पिरिटच्या बरणीतून मासा काढायचा, ट्रेमध्ये आडवा ठेवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली परांमधले किरण, म्हणजे पराला आधार देणाऱ्या बारीक काड्या, मोजायचे, खवल्यांच्या ओळी मोजायच्या आणि आधी कोणी चिकटवलेलं लेबल बरोबर आहे का ते ठरवायचं. त्यामुळे "मोजायचं चुकलंय का" ही शंका मला अगदी घरची वाटली. तुम्ही वाचलेला आकडा ढोबळमानाने बरोबर आहे. समुद्रही काही ओसाड नाही. घोटाळा होतो तो प्रजातींच्या नुसत्या संख्येवरून समुद्राची श्रीमंती ठरवायला गेलं की.

पण त्याआधी मोजायचं काय, ते ठरवू. "मासा" हा शब्दच लबाड आहे. देवमासा मासा नाही, तारामासाही नाही. उलट वाम सापासारखी दिसते आणि ती पक्की मासा आहे. समुद्रात जन्मून नदीत वाढणारे, नदीत जन्मून समुद्रात वाढणारे, खाडीत दोन्हीकडे ये-जा करणारे, हे सगळे कोणाच्या खात्यात टाकायचे हे यादी करणाऱ्यावर ठरतं. म्हणून दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर लगेच कोणाला खोटं ठरवू नका. आज मान्य असलेल्या माशांच्या प्रजाती ३६ हजारांच्या आसपास आहेत आणि त्या गोड्या-खाऱ्या पाण्यात जवळजवळ निम्म्या-निम्म्या वाटल्या गेल्या आहेत. गोड्याचं पारडं किंचित जड.

हे पारडं कायम असंच नव्हतं. १९७० साली डॅनिएल कोहेन यांनी तेव्हा ज्ञात असलेल्या माशांचा हिशेब मांडला. त्यात एकूण प्रजाती २० हजारांच्या घरात होत्या आणि त्यातल्या ५८ टक्के सागरी, ४१ टक्के गोड्या पाण्यातल्या. म्हणजे तेव्हा समुद्र पुढे होता. नंतरच्या पन्नास वर्षांत उष्ण कटिबंधातल्या नद्या, ओढे, तळी यांतून इतक्या नव्या प्रजाती सापडल्या, की गणित उलटलं. मासे तेच होते, आपण शोधायला वेगळीकडे गेलो. कोहेन यांच्या तक्त्यातला आणखी एक आकडा मला फार बोलका वाटतो: किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्राच्या वरच्या उजेडाच्या थरात राहणारे मासे एकूण प्रजातींच्या फक्त १.३ टक्के. आणि उबदार, उथळ किनाऱ्यालगतचे? जवळजवळ ४० टक्के. समुद्राचा जो भाग नकाशावर सगळ्यात जास्त निळा दिसतो, तिथेच प्रजाती सगळ्यात विरळ.

आता तुमचा खरा प्रश्न येतो: असं का?

एक साधा भागाकार करा. समुद्रात सुमारे १३३ कोटी घन किलोमीटर पाणी आहे. ते १८ हजार प्रजातींना वाटलं तर एकेकीच्या वाट्याला ७४ हजार घन किलोमीटर येतं. गोड्या पाण्याची तळी आणि नद्या मिळून साधारण ९३ हजार घन किलोमीटर; तेवढ्याच प्रजातींना वाटलं तर एकेकीला जेमतेम पाच. हे पाहून बहुतेक जण "गोड्या पाण्यात केवढी गर्दी!" म्हणतात. मला त्यात गर्दीपेक्षा कुंपणं जास्त दिसतात. या खोऱ्यातला मासा डोंगरापलीकडच्या खोऱ्यात जाऊ शकत नाही. धबधब्याच्या वरचा आणि खालचा मासा हजारो वर्षं एकमेकांना भेटत नाहीत. नवी प्रजाती तयार व्हायला पाणी किती आहे याला फारसं महत्त्व नसतं. दोन गटांची ताटातूट व्हावी लागते आणि ती पुरेशी टिकावी लागते. गोड्या पाण्यात ताटातूट हा नित्याचाच प्रकार. आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया तळं १५ हजार वर्षांपूर्वी आटलेलं होतं, असं त्याच्या तळाचा गाळ सांगतो. ते पुन्हा भरल्यावर तिथे सिक्लिड कुळातल्या ५०० च्या आसपास प्रजाती घडल्या. त्यांच्या पूर्वजांच्या संकरातून आलेलं जुनं वैविध्य गाठीशी होतं हे खरं. तरीही वेग थक्क करणारा आहे.

याउलट समुद्रातला स्किपजॅक टुना घ्या. जगातल्या सगळ्या उष्ण समुद्रांत हा एकच मासा, एकच प्रजाती. त्याला अडवणार कोण?

समुद्रात कुंपण पडलं तर काय होतं, याचा पुरावा मात्र निसर्गाने ठेवलेला आहे. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पनामाची चिंचोळी जमीन वर आली आणि अटलांटिक व पॅसिफिक तिथे एकमेकांपासून तुटले. एकाच माशाचे दोन गट दोन बाजूंना अडकले. डेव्हिड स्टार जॉर्डन यांनी १९०८ मध्ये अशा जोड्यांना जुळ्या प्रजाती म्हटलं. अंगावर काळे उभे पट्टे असलेला सार्जंट मेजर नावाचा लहानसा मासा दोन्ही किनाऱ्यांवर आहे, दिसायलाही जवळपास सारखा. पण अटलांटिकची प्रजाती वेगळी, पॅसिफिकची वेगळी. मी पहिल्यांदा या दोन बरण्या शेजारीशेजारी ठेवल्या तेव्हा लेबलं झाकून ओळखायचा प्रयत्न केला. जमलं नाही, हे कबूल करते.

इथे तुम्ही विचाराल, की मोठे मासे फिरतात हे समजलं, पण प्रवाळ खडकावरचे छोटे मासे तर आयुष्यभर एका दगडाखाली राहतात. त्यांना कसली मोकळीक? शंका अगदी रास्त आहे. अडचण त्यांच्या लहानपणात आहे. बहुतेक सागरी माशांची अंडी किंवा अंड्यातून निघालेली पिल्लं पाण्यासोबत वाहत जातात. ही पिल्लं आईबापांसारखी अजिबात दिसत नाहीत: काचेसारखी पारदर्शक, डोळे तेवढे काळे. विदूषक माशाची पिल्लं दहाबारा दिवस वाहतात, कित्येकांची महिनाभर, वामीची तर कित्येक महिने. तेवढ्या काळात प्रवाह त्यांना कुठल्या कुठे नेऊ शकतो. त्यामुळे खूप वर्षं आम्ही सगळे असंच धरून चाललो होतो, की समुद्रातली पिल्लं म्हणजे वाऱ्यावर उडालेली म्हातारी, पडेल तिथे रुजेल.

हा समज मोडला तो कानातल्या खड्यांनी. माशाच्या डोक्यात, कानाच्या पोकळीत चुन्याचे बारीक खडे असतात. तोल सांभाळायला आणि ऐकायला. त्यांना ओटोलिथ म्हणतात. झाडाच्या खोडाला वर्षाला एक वलय येतं तशी या खड्यांनाही येतात, आणि जॉर्जिओ पानेला यांनी १९७१ मध्ये दाखवलं की त्यांच्या आत दररोज एक अशी आणखी बारीक वलयंही असतात. माझ्या आयुष्यातले किती तास या खड्यांवर गेले ते मोजायचं धाडस होत नाही. गोबी कुळातल्या छोट्या माशाचा खडा मोहरीच्या दाण्याहून लहान. डोक्याची कवटी खालच्या बाजूने उघडायची, बारीक चिमट्याने खडा उचलायचा, श्वास रोखून, कारण एक शिंक आणि तो टेबलावरून गायब. मग काचपट्टीवर गरम डिंकासारख्या पदार्थात रोवायचा आणि अतिशय बारीक पॉलिश कागदावर घासत राहायचं, मध्यभाग उघडा पडेपर्यंत. दोन फेरे कमी घासला तर वलयं धुरकट. दोन फेरे जास्त झाले तर मध्यच उडाला, म्हणजे त्या माशाचा जन्मदिवस गेला. बरोबर जमलं की सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक रेघा दिसतात, आणि एका जागी त्यांची घडण अचानक बदलते. पिल्लू वाहणं सोडून खडकावर उतरलं तो दिवस!

१९९९ मध्ये जेफ्री जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच खड्यांचा फार हुशारीने वापर केला. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरच्या लिझर्ड बेटाभोवती एक डॅमसेल मासा दगडाला अंडी चिकटवतो आणि बाप त्यांची राखण करतो. त्या अंड्यांना त्यांनी टेट्रासायक्लिन या औषधाची बुडी दिली. ते खड्यात शिरतं आणि अतिनील प्रकाशात चमकतं. अशी एक कोटीहून जास्त अंडी खुणेची केली. पुढे बेटाभोवती उतरलेली ५,००० पिल्लं पकडून एकेकीचे खडे तपासले. खुणेची निघाली १५. एवढीशी? पण खुणेची अंडी एकूण अंड्यांच्या अर्धा ते दोन टक्केच होती. त्या हिशेबाने उतरलेल्या पिल्लांपैकी १५ ते ६० टक्के पिल्लं आपल्याच जन्मबेटावर परतलेली ठरतात. वाऱ्यावरची म्हातारी कसली, ही पिल्लं वास आणि आवाजाच्या मागावर घर शोधत पोहतात. तेव्हा समुद्रातही कुंपणं आहेत. ती तापमानाची, खोलीची, प्रवाहांची आणि माशाच्या स्वभावाची असतात, म्हणून नकाशावर दिसत नाहीत.

प्रवाळ खडकांवर एवढी गर्दी का, याचाही थोडा उलगडा यातून होतो. समुद्रतळाच्या एक टक्क्याहून कमी जागा, आणि तिथे निदान ६,००० प्रजाती. कपारी, फटी, पोकळ्या, उजेड-सावली, दिवसपाळी-रात्रपाळी. एका खडकात जणू शंभर बिऱ्हाडं. त्यातली बरीचशी बिऱ्हाडं आपल्याला दिसतही नाहीत, कारण मासे बोटाच्या पेराएवढे असतात. सिगिलाटा नावाची एक इवलीशी गोबी तर जास्तीत जास्त ५९ दिवस जगते. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत याहून अल्पायुषी कोणी नोंदलेला नाही. हा आकडाही कानातल्या खड्याच्या वलयांवरूनच निघाला. ५९ दिवसांतले पहिले तीनेक आठवडे वाहण्यात जातात. उरलेल्यात मोठं व्हायचं, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची. दुसऱ्या टोकाला ग्रीनलंड शार्क. २०१६ मध्ये तिच्या डोळ्याच्या भिंगातल्या रेडिओकार्बनवरून वय काढलं तेव्हा सर्वांत मोठी मादी किमान २७२ वर्षांची निघाली.

खोल समुद्राबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण "समुद्र समृद्ध नाही का" याचं उत्तर तिच्यात आहे. सायक्लोथोन नावाचा बोटभर लांबीचा, अंगावर प्रकाशाचे ठिपके असलेला मासा काही शे मीटर खोलीवर राहतो. पृथ्वीवर संख्येने सर्वाधिक असलेला पृष्ठवंशीय प्राणी हाच असावा, असं मानलं जातं. माणसं, उंदीर, कोंबड्या, सगळे मागे. आणि त्याच्या प्रजाती किती? डझनभर. आता प्रजातींच्या यादीत बघितलं तर तो बारातेरा ओळींत संपतो, प्रत्यक्षात मात्र सगळे समुद्र त्याने भरलेले.

तर प्रजाती हे एक माप झालं, डोकी मोजणं हे दुसरं. तिसरं माप माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आणि शाळेच्या पुस्तकात तेच सहसा नसतं: वंश किती जुने आणि एकमेकांपासून किती दूरचे आहेत. ५०० सिक्लिड म्हणजे एकाच आजोबांची ५०० नातवंडं. समुद्रात गेलात तर तिथे वेगवेगळी घराणीच भेटतात. हॅगफिश, जबडा नसलेली आणि डिवचलं की बादलीभर चिकट बुळबुळीत पाणी करणारी, सगळ्या ८० च्या आसपास प्रजाती समुद्रातच. कूर्चेचा सांगाडा असलेले शार्क, पाकट आणि कायमेरा मिळून बाराशेहून जास्त. त्यातल्या मोजक्याच नद्यांत शिरतात. आणि सीलाकँथ, जो डायनोसॉरांबरोबर संपला अशी सगळ्यांची खात्री होती. १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर या संग्रहालयाच्या अभिरक्षक बाईंनी मासेमारीच्या बोटीवरच्या ढिगाऱ्यात त्याचा निळसर पर पाहिला म्हणून तो आपल्याला कळला.

घराणी वेगळी म्हणजे किती वेगळी, ते मिठावरून दाखवते. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अशा पाण्यात अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणजे मासा समुद्रात राहूनही सुकायला लागतो. हॅगफिशने यावर काही केलंच नाही. तिच्या अंगातला खारटपणा जवळपास समुद्राइतकाच, त्यामुळे ओढाताण नाही. शार्कने वेगळी युक्ती काढली. ती रक्तात युरिया साठवते, जो आपण लघवीवाटे टाकून देतो तोच, आणि त्याच्या जोरावर समुद्राशी बरोबरी साधते. आपण काट्याचे म्हणतो ते मासे, बांगडा, तारली, टुना, हे मात्र हट्टी. त्यांच्या रक्तात क्षार समुद्राच्या एक तृतीयांशच. म्हणून ते सतत समुद्राचं पाणी पितात, आतड्यातून पाणी घेतात आणि जादा मीठ कल्ल्यांमधल्या खास पेशींतून परत समुद्रात फेकतात. रात्रंदिवस, जन्मभर. एकच अडचण, तीन घराणी, तीन उत्तरं. गोड्या पाण्यातल्या ५०० सिक्लिडांना विचारलंत तर पाचशेही जण या बाबतीत एकच उत्तर देतील.

या मिठाच्या हिशेबालाही टोक आहे. खोल गेल्यावर दाबाने प्रथिनांचा आकार बिघडू नये म्हणून मासे टीएमएओ नावाचं रसायन अंगात वाढवत नेतात. जितकं खोल तितकं जास्त. पॉल यॅन्सी यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की ८,२०० मीटरच्या आसपास या रसायनामुळे माशाचं अंग समुद्राइतकं दाट होतं, आणि त्याहून खोल गेलं तर पाणी उलट आत घुसायला लागेल. म्हणजे काट्याच्या माशांची हद्द साधारण तिथेच. २०२२ मध्ये जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत ८,३३६ मीटरवर एक फिकट, मऊसर स्नेलफिश कॅमेऱ्यात आला. आजवर दिसलेला सर्वांत खोल मासा तोच. कागदावरचं भाकीत आणि कॅमेरा यांत दीडशे मीटरच्या आसपास फरक! अशा वेळी आमच्यासारख्यांना उगीचच आपलं काहीतरी बरोबर आल्यासारखं वाटतं.

जुनी घराणी फक्त समुद्रातच आहेत असा मात्र समज करून घेऊ नका. फुप्फुसमासे, बिचिर, गार, बोफिन ही काही फार जुनी घराणी आज गोड्या पाण्यातच टिकून आहेत. कार्रेते वेगा आणि वीन्स यांनी २०१२ मध्ये तर असं मांडलं, की आज समुद्रात दिसणाऱ्या काट्याच्या माशांचे पूर्वज मुळात गोड्या पाण्यातले असावेत. समुद्रातले जुने बरेच नामशेष झाले आणि मागाहून आलेल्यांनी जागा घेतली. यावर अजून वाद चालू आहे. शिवाय गोड्या पाण्याच्या बाजूने एक मोठा नशिबाचा भागही आहे. रोहू, कटला, कॅटफिश, पिरान्हा यांचा जो प्रचंड गट आहे, वाताशयापासून (पोटातल्या हवेच्या पिशवीपासून) कानापर्यंत हाडांची बारीक साखळी असलेला, त्याच्या दहा हजारांहून जास्त प्रजाती आहेत आणि जवळजवळ सगळ्या गोड्या पाण्यात. हा एक गट बाजूला काढला तर तुमच्या प्रश्नातली सगळी हवाच निघून जाते.

आता "मोजायचं चुकलंय का" याकडे वळते. चुकतं. दोन्ही बाजूंनी चुकतं.

कधी एकाचे अनेक होतात. १८५६ मध्ये एका चपट्या, पारदर्शक, पानासारख्या माशाला स्वतंत्र नाव दिलं गेलं. चाळीस वर्षांनी ग्रासी आणि कालांद्रुचिओ यांनी तो टाकीत ठेवून पाहिला, आणि तो डोळ्यांदेखत आखडत, गोल होत वामीचं पिल्लू झाला. त्याहून भारी प्रकरण खोल समुद्रातल्या तीन कुळांचं. एका कुळात लांब शेपटीच्या दोऱ्याचे, बिनखवल्यांचे छोटे मासे. दुसऱ्यात भलंमोठं नाक असलेले. तिसऱ्यात मोठ्या तोंडाचे व्हेलफिश. तिन्ही कुळं कित्येक दशकं पुस्तकांत वेगवेगळी नांदली. २००९ मध्ये डीएनए जुळवल्यावर कळलं की पहिले पिल्लं, दुसरे नर, तिसऱ्या माद्या. एकाच घरातली माणसं! नराला मोठं झाल्यावर पोटच उरत नाही. लहानपणी गिळलेल्याचं मोठं यकृत करून ठेवतो आणि त्यावर जगतो.

माझी चूक याच्यापुढे किरकोळ, पण सांगते, कारण ती मोजण्याचीच आहे. माशाच्या पाठीवरच्या आणि पोटाखालच्या परात शेवटचा किरण बरेचदा वर दोन फांद्यांत फुटलेला असतो, पण दोन्हींचं बूड एकच असतं. नियम असा, की तो एकच मोजायचा. कामाच्या दुसऱ्याच वर्षी मी एका बरणीतल्या गोबींचे किरण वरून मोजले आणि प्रत्येकीत एक जास्त आला. तीन आठवडे मी नव्या प्रजातीच्या आनंदात होते, नावही ठरवलं होतं. माझ्या वरिष्ठांनी बरणी घेतली, एक मासा काढला, सुईने परांचं बूड थोडं उघडं केलं आणि सूक्ष्मदर्शक माझ्याकडे सरकवला. एक शब्द बोलले नाहीत.

आणि कधी अनेकांचा एक होतो. बोनफिश हा चंदेरी मासा जगभरातल्या उष्ण किनाऱ्यांवर एकच प्रजाती म्हणून धरला जायचा. २००१ मध्ये जनुकं तपासली तर निदान आठ वेगळे वंश निघाले, सगळे दिसायला सारखे. खुल्या समुद्रात तरी हे होणार नाही असं वाटेल. पण सनफिश, जो गाडीच्या चाकासारखा गोल आणि दोन मीटरहून लांब होतो, त्याची एक अख्खी प्रजाती २०१७ पर्यंत कोणाला वेगळी ओळखता आली नव्हती. मारियान नायगार्ड यांनी तिला लपलेली या अर्थाचं नाव दिलं, मोला टेक्टा. एवढा मोठा मासा लपू शकतो, तर खोल अंधारातल्या बोटभर माशांचं काय? म्हणून समुद्राचा आकडा अजून वाढेल असा माझा अंदाज आहे. गोड्या पाण्याचाही वाढेल. पुढे कोण निघेल यावर पैज लावणार नाही.

मुलाच्या तक्त्यासाठी माझी सूचना अशी: "किती प्रजाती" हा एकच खांब काढू नका. शेजारी "प्रजातीमागे किती पाणी" आणि "किती जुनी घराणी" असे आणखी दोन काढा. पहिला जवळजवळ बरोबरीत येईल, दुसऱ्यात समुद्राचा खांब कागदाबाहेर जाईल (तो तुटक रेघेने दाखवा), तिसऱ्यात हॅगफिश, कायमेरा, शार्क-पाकट, सीलाकँथ समुद्राकडे आणि फुप्फुसमासे, बिचिर, गार, बोफिन गोड्याकडे. प्रत्येक आकड्याखाली वर्ष लिहायला सांगा. नाहीतर कोहेन यांचा १९७० चा तक्ता आणि आजचा आकडा शेजारीशेजारी येतील, आणि बाईंना वाटेल की मुलाने कुठेतरी उलटं उतरवलं.

समुद्रघोडा माशांच्याच रकान्यात, शंका नको. त्याला कल्ले आहेत, वाताशय आहे, पर आहेत. पाठीवरचा पर सेकंदाला तीसेक वेळा फडफडतो, म्हणून नुसत्या डोळ्यांना तो नीट दिसत नाही. पिल्लं बापाच्या पोटपिशवीत वाढतात. मुलाला मोठं केलेलं छायाचित्र मिळालं आणि परातले किरण मोजायची हौस आली, तर जरूर मोजू द्या. फक्त बुडाशी मोजायला सांगा.